जुनी जीप, बर्फ आणि उतार : काझाहून परत आल्यावर

लोअरगियर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत माझी १९८८ ची एमएम ५४० जीप घेऊन पुणे ते काझा (हिमाचलमधल्या स्पितीत) आणि परत करून आलो, मी आणि माझा मेव्हणा, एकूण वीस दिवस. फोटो आणि प्रवासवर्णन सवडीने वेगळं टाकीन, हा धागा फक्त बर्फात जुनी फोर बाय फोर (चारी चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी) चालवण्याबद्दल. कारण जायच्या आधी मी महिनाभर वाचत होतो, लोकांना विचारत होतो, आणि सगळीकडे विषय एकच, चढायचं कसं. कुठला टायर, किती ताकद, लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र बांधणारं कुलूप) पाहिजे का नको. उतरायचं कसं यावर कोणी चार ओळी पण लिहिल्या नव्हत्या. आणि आता माझं ठाम मत झालंय की बर्फात जुनी जीप चढते हो, आरामात चढते, जीव जातो तो उतारावर.

रस्ता नेहमीचा हिवाळी, म्हणजे सिमला, नारकंडा, रामपूर, रिकाँगपिओ, नाको, ताबो, काझा. मनालीकडून कुंझुमवरून हिवाळ्यात रस्ता बंदच असतो. खाली नारकंड्याला (२७०० मीटर) पहिला बर्फ लागला, पण खरा बर्फ नाकोच्या पुढे. काझ्याचा पेट्रोल पंपच ३७४० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्या समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के राहतो, त्यामुळे माझ्या २११२ सीसी पूजो इंजिनाचे कागदावरचे ६२ हॉर्सपॉवर तिथे चाळीसच्या आसपास उरतात. टर्बो नाही ना. पण खरं सांगतो, ताकद कमी पडली असं एकदाही वाटलं नाही. फोर-लो (चारी चाकांना ताकद, सावकाश आणि जास्त जोर) टाकायचा, दुसरा गियर, आणि अॅक्सिलरेटरला अंडं ठेवल्यासारखा पाय. बर्फात जास्त ताकद दिली की चाक फिरतं, चाक फिरलं की खालचा बर्फ घासून गुळगुळीत होतो, आणि मग तिथून कोणाचीच गाडी निघत नाही.

आता जे झालं ते सांगतो. किब्बर गाव बघून खालच्या ‘की’ नावाच्या गावाकडे उतरत होतो. सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन, रस्ता बऱ्यापैकी काळा दिसत होता म्हणून मी फोर-हायला (चारी चाकं, पण नेहमीच्या वेगाची) आणून दुसऱ्या गियरमध्ये होतो, वेग वीसच्या वर नसेल. एक वळण आलं, डोंगराच्या सावलीतलं. तिथेही रस्ता काळाच दिसत होता. मी सवयीने ब्रेकवर पाय ठेवला, दाबला सुद्धा नाही नीट, आणि नाक उजवीकडे वळलं, मागचा भाग डावीकडून पुढे यायला लागला आणि गाडी आडवी होऊन घसरत निघाली. मेव्हणा काही बोलला नाही, त्याने फक्त समोरचं हँडल धरलं. दहाबारा मीटर गेलो असू, मग डोंगराकडच्या बाजूला डोझरने लोटलेल्या बर्फाच्या ढिगात मागचा बंपर रुतला आणि थांबलो. दरीची बाजू दुसरी होती म्हणून मी हे लिहितोय.

नंतर काझाला गॅरेजमध्ये चारी चाकांचे ब्रेक ड्रम उघडले. पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक बाकीच्यांपेक्षा आधी लागत होता. जायच्या आधी ब्रेक मीच ॲडजस्ट केले होते, पुण्यात डांबरावर गाडी सरळ थांबत होती म्हणून मी समाधानी होतो. डांबरावर एवढा फरक टायर पचवतात. बर्फावर पचवत नाहीत.

गणित पण करून बघितलं परत आल्यावर. ताशी ३० किमी वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर साधारण ५ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर १५ ते २० मीटर. काचेसारख्या बर्फावर ३५ आणि वर. हे फक्त ब्रेक लागल्यानंतरचं, आपण दचकून पाय उचलतो तो वेळ वेगळा. आणि यात फोर बाय फोरचा काडीचा संबंध नाही, कारण ब्रेक प्रत्येकच गाडीला चारी चाकांना असतात. म्हणजे फोर बाय फोर आपल्याला अशा ठिकाणी नेऊन ठेवते जिथे साधी गाडी पोचलीच नसती, आणि थांबायच्या बाबतीत मात्र त्या साध्या गाडीएवढंच देते.

त्या दिवसानंतर उतारावर पद्धत बदलली. उतार सुरू व्हायच्या *आधी* गाडी पूर्ण थांबवून फोर-लो, पहिला गियर, क्लचवरून पाय काढून फ्लोअरवर आणि ब्रेकला शिवायचं नाही. इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चारी चाकांना सारखं धरतं, एक चाक आधी आणि एक नंतर असं होत नाही. माणसाच्या चालण्याच्या वेगाने उतरतो आपण. मागचा हॉर्न देतो तर देऊ दे.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि ज्यांनी जास्त हिवाळे काढलेत त्यांनी माझं चुकत असेल तिथे सांगा.

सह्याद्रीजिप्सी

वाखुसा (वाचनखूण साठवली)! दादा अंगावर काटा आला वाचताना, तुम्ही दोघे सुखरूप आहात हे महत्त्वाचं. माझ्याकडे १९९७ ची जिप्सी किंग आहे, कार्ब्युरेटरवाली, आजपर्यंत फक्त मावळ आणि कोकणातला चिखल बघितलाय तिने. पुढच्या जानेवारीत मनाली-सिस्सू करायचा विचार आहे. चिखलातले टायर बर्फात चालतील का? आणि टायरवर चढवायची चेन घ्यायची तर एक जोडी पुरे की दोन?

नॉर्वेकर

टायरबद्दल मी लिहितो, इथे नॉर्वेत हा रोजचा विषय आहे. माझ्याकडे सिरीज थ्री लँड रोव्हर आहे, १९७९ ची, बाराव्या हिवाळ्यात आहे आता माझ्याकडे.

चिखलाचे टायर आणि बर्फाचे टायर हे दोन वेगळे प्राणी आहेत. चिखलाच्या टायरचे ठोकळे मोठे असतात, मध्ये मोठ्या फटी, ताज्या भुसभुशीत बर्फात ते खोदत जातात आणि मजेत चालतात. पण दाबलेल्या बर्फावर किंवा आइसवर त्या ठोकळ्यांना धरायला काही मिळत नाही. तिथे लागतात बारीक बारीक चिरा, प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या, आणि थंडीत मऊ राहणारं रबर. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. उणे पंधराला तर तुमचा जीपचा जुना मिलिटरी नक्षीचा टायर म्हणजे जवळपास लाकडी चाक. इथे कायद्यानेच हिवाळ्यात टायरची नक्षी किमान ३ मिमी लागते आणि १ नोव्हेंबरपासून खिळेवाले टायर लावायला परवानगी असते, मी खिळेच वापरतो.

भारतात असे टायर सहज मिळत नाहीत हे माहीत आहे, म्हणून तुमच्यासाठी चेन हेच उत्तर. पण जुन्या गाड्यांचा एक फायदा आहे, त्यांचे टायर अरुंद असतात. अरुंद टायर बर्फ कापून खालच्या टणक थरापर्यंत जातो, रुंद टायर वर तरंगतो. त्यामुळे हौसेने रुंद टायर टाकलेली जीप कमी-जास्त बर्फाच्या रस्त्यावर मूळ ६.००-१६ वाल्या जीपपेक्षा वाईट चालते. (भुसभुशीत बर्फ खूप खोल असेल तर उलट, तिथे रुंद टायर आणि कमी हवा. पण असा बर्फ तुम्हाला रस्त्यावर सहसा मिळणार नाही.)

आणखी एक, लोकांना वाटतं जितकी थंडी तितकं निसरडं. उलट आहे. उणे वीसला बर्फ खरखरीत असतो, बूट पण धरतो. शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर असतो तेव्हा सगळ्यात वाईट. लोअरगियर, तुमचं साडेदहाचं ऊन हेच कारण असणार. वरच्या उतारावरचा बर्फ वितळून पाणी सावलीत आलं आणि तिथे गोठलं, रंग डांबराचाच.

देवदार

नॉर्वेकरांशी सहमत. मी मूळची नाशिकची, नोकरीनिमित्त मनालीत चार हिवाळे काढलेत, तर सह्याद्रीजिप्सी यांच्यासाठी थोडं तिथलं.

मनालीहून सिस्सूला जाताना लागणारा अटल बोगदा ९.०२ किमी आहे आणि त्याचं मनालीकडचं तोंड ३०६० मीटरवर. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा असतो, त्यामुळे माणूस सैलावतो, आणि पलीकडे सिस्सूच्या बाजूला बाहेर पडल्या पडल्या बर्फ. बाहेर यायच्या आधी वेग उतरवलेला पाहिजे. पण खरी गंमत परतताना, बोगद्यातून मनालीकडे येतानाचा धुंदी ते सोलंगचा उतार. दिवसभर शेकडो गाड्या बर्फ दाबत जातात, दुपारी तो ओला होतो, आणि साडेतीन-चार वाजता सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात सगळ्याची काच होते. तिथले ड्रायव्हर म्हणतात सुद्धा, शीशा बन गया. डिसेंबर २०२४ मध्ये याच पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी रात्रभर लोकांना खाली आणलं. त्यात फोर बाय फोर पण भरपूर होत्या.

त्यामुळे माझा एकच नियम होता, दुपारी दोनच्या आत सोलंगच्या खाली. बर्फ पडला की पोलीस फक्त फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्या पुढे सोडतात, पण त्यांनी सोडलं म्हणजे रस्ता ठीक आहे असं समजू नका. आणि गाडीत एका पोत्यात कोरडी माती किंवा चुलीतली राख ठेवा. तिथली माणसं हेच करतात, चाकापुढे दोन ओंजळी टाकली की गाडी निघते. रिकामं गोणपाट पण चालतं.

निवृत्तफौजी

लोअरगियर, मनापासून लिहिलं आहेस. मी उमेदीची वर्षं वरती काढली, जोंगा चालवली आणि नंतर जिप्सी. नव्या मुलांना माहीत नसेल, जोंगा म्हणजे निस्सान पॅट्रोल या गाडीची आपली आवृत्ती, जबलपूरला बनायची, नाव पण जबलपूरच्या कारखान्यांवरूनच. चार लिटरची सहा सिलिंडर पेट्रोल. ताकदीला तोड नव्हती, पण बर्फात माझी पसंती कायम जिप्सीला, कारण ती टनाच्या आत होती. अडकली तर चार जवान उचलून बाजूला ठेवत. जोंगा अडकली की दुसरी गाडी बोलवावी लागे.

आम्हाला शिकवलेलं ते सांगतो. चढताना ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरायचं, किंवा एक खाली. पुढच्या गाडीपासून अंतर एवढं ठेवायचं की ती आडवी झाली तरी आपण पायाने चालत जाऊन थांबवू शकू. चढावर पुढची गाडी पूर्ण वर पोचल्याशिवाय आपली गाडी हलवायची नाही, कारण मध्ये थांबलात तर परत सुटणार नाही, आणि ती मागे घसरली तर तुम्ही खाली उभे. आणि चेन लागेल की काय असं मनात आलं म्हणजे चेन लावायची वेळ झाली. रुतल्यावर चेन लावणं म्हणजे उणे तापमानात बर्फात झोपून उघड्या बोटांनी लोखंड हाताळणं. घरी अंगणात चार वेळा लावून सराव कर बेटा, हातमोजे घालून. लावल्यावर शंभर मीटर चालवून परत ताणायची, पहिल्यांदा ती कधीच नीट बसत नाही.

सह्याद्रीजिप्सी

काका, नमस्कार आणि मनापासून धन्यवाद. पण एक जोडी असेल तर पुढे की मागे? यावर दोन मिस्त्रींनी मला दोन उत्तरं दिलीत.

बोनेटउघडा

मागे. जिप्सी मुळात मागच्या चाकांची गाडी, फोर बाय फोर नंतर.

नॉर्वेकर

एवढं सोपं नाहीये ते. पुढे चेन असेल तर स्टेअरिंग मिळतं. मागे लावली आणि पुढचे टायर बर्फावर नुसते सरकत राहिले तर वळणावर गाडी सरळच जाणार.

बोनेटउघडा

आणि पुढे लावली तर उतारावर पुढची बाजू धरते, मागची सुटते, मागची पुढे यायला बघते. लोअरगियरचं नेमकं तेच झालं ना, चेन नसताना सुद्धा, एक पुढचं चाक जास्त धरत होतं म्हणून.

लोअरगियर

दोघांचं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि यावर मी बराच विचार केलाय. आपल्या जुन्या गाड्यांमध्ये (जीप, जिप्सी, जोंगा, सिरीज लँड रोव्हर) सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरची जोडणी) नसतं. फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. म्हणजे लो गियरमध्ये उतरताना एका अॅक्सलला चेन असली तरी ती दुसऱ्या अॅक्सलचा वेग पण धरून ठेवते, इंजिन ब्रेकिंग पूर्ण मिळतं. तेव्हा पुढे-मागेचा प्रश्न वेग धरण्याचा उरत नाही, आडवं घसरण्याचा उरतो. चेन नसलेली बाजू आडवी घसरते. पुढची घसरली तर सरळ जाता, मागची घसरली तर गोल फिरता. मला विचाराल तर अरुंद घाटात गोल फिरणं जास्त वाईट, कारण सरळ जाणारी गाडी निदान डोंगराच्या कडेला घासून थांबवता येते. म्हणून एकच जोडी असेल तर उताराला मी मागे लावीन. पण सह्याद्रीजिप्सी, खरं उत्तर दोन जोड्या. पेट्रोलचा जाऊन-येऊन खर्च धर आणि मग दुसऱ्या जोडीची किंमत बघ.

याच्याशी जोडलेली गोष्ट, सेंटर डिफ नाही म्हणून कोरड्या डांबरावर फोर बाय फोर ठेवून वळणं घेऊ नका. दोन्ही अॅक्सल वेगळं अंतर कापतात, मध्ये पीळ साठत जातो, मग फोर बाय फोरचा दांडा निघतच नाही. निघेना झाला तर ओढाताण करू नका, दोनचार मीटर सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि दांडा आपोआप येतो. तुकड्या-तुकड्याचा रस्ता असेल, थोडा बर्फ थोडं डांबर, तर कंटाळा न करता दांडा आत-बाहेर करत राहायचं. मी तोच कंटाळा केला होता किब्बरला, लोमधून हायला आलो.

नॉर्वेकर

माझ्या शेजाऱ्याची जुनी लाडा निव्हा आहे, तिला १९७७ पासून कायमची फोर व्हील ड्राइव्ह आणि कुलूप लावता येणारं सेंटर डिफ आहे, त्यामुळे असल्या ठिगळाच्या रस्त्यावर तो दांड्याला हात लावत नाही. हेवा वाटतो. मागच्या चेनचं तुमचं स्पष्टीकरण पटलं, माझं मत बदललं.

हायहूड

वाचतोय, सगळं लिहून घेतोय. माझ्याकडे सीजे थ्री बी जीप आहे, १९६६ ची, उंच बोनेटवाली, वडिलांनी लिलावात घेतलेली. एक धोक्याची सूचना माझ्याकडून. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपना आणि सिरीज लँड रोव्हरला हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गियरबॉक्सच्या) मागे शाफ्टवर असतो. नॉर्वेकर सांगतीलच. म्हणजे हँडब्रेक ओढून उतारावर उभी केली आणि मागचं एक चाक बर्फावर असेल तर डिफरन्शियलमुळे ते चाक उलटं फिरतं आणि गाडी चालू पडते, हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना! मी हे महाबळेश्वरला शेवाळावर अनुभवलंय, बर्फावर काय होईल. फोर बाय फोर टाकून ठेवलं तर पुढचा अॅक्सल पण बांधला जातो आणि धोका कमी होतो, पण दगड किंवा लाकडी ओंडका लावल्याशिवाय गाडीतून उतरू नका.

नॉर्वेकर

शंभर टक्के. माझ्या गाडीत दोन लाकडी पाचर कायम असतात. आणि रात्री हँडब्रेक लावूच नका, ओला ड्रम गोठला की शू चिकटतात. गियरमध्ये, फोर-लो, पाचर. बस.

सह्याद्रीजिप्सी

थंडीत इंजिनाचं काय? सिस्सूला रात्री राहायचं आहे.

बोनेटउघडा

इथे मी नीट लिहितो कारण आपल्याकडच्या अर्ध्या जुन्या गाड्या नुसत्या नळाच्या पाण्यावर चालतात, मी रोज बघतो. कोल्हापुरात चालतं. तिथे पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक फुटतो, आणि जुन्या इंजिनाचा ब्लॉक मिळवायला वर्ष जातं. निघायच्या आधी रेडिएटर, ब्लॉक आणि हीटरचा पाइप तिन्ही रिकामे करा (ब्लॉकला वेगळा नळ असतो तो विसरतात लोक), आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. निम्म्या प्रमाणात ते उणे ३५ च्या पुढे टिकतं. नुसतं कूलंट पाणी न घालता ओतू नका, ते उलट लवकर गोठतं.

गियरबॉक्समधलं ९० नंबरचं ऑइल थंडीत काकवीसारखं होतं, ८० डब्ल्यू ९० भरा. सकाळी क्लच दाबून स्टार्टर मारा म्हणजे स्टार्टरला गियरबॉक्स फिरवायला लागत नाही. बॅटरी थंडीत निम्म्यावर येते, रात्री काढून खोलीत घ्या, यात कमीपणा नाही. जिप्सीचा कार्ब उंचीवर पेट्रोल जास्त ओढतो कारण हवा कमी, धूर काळा येईल, प्लग काळे होतील. तीन हजार मीटरसाठी जेट (कार्बमधलं पेट्रोलचं बारीक भोक) बदलू नका, जादाचे प्लग न्या आणि एअर फिल्टर स्वच्छ ठेवा.

लोअरगियर

बोनेटउघडा, सोन्यासारखं लिहिलंत. डिझेलवाल्यांसाठी मी भर घालतो. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर बंद होतो, गाडी सुरू होते, दोन मिनिटं चालते आणि मरते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ ला उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं वेगळं हिवाळी डिझेल काढलं ते याचसाठी. मी तिथल्या जीपवाल्यांच्या सल्ल्याने थोडं रॉकेल मिसळलं, आणि माझ्या रोटरी डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं म्हणून त्यात थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल. हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाला, नव्या कॉमन रेल गाडीत चुकूनही नको. गाडी रात्री अशी लावायची की सकाळचं पहिलं ऊन बोनेटवर पडेल. फिल्टर गोठलाच तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं. टाकीखाली शेकोटी पेटवणारे बघितले मी, कृपा करून तसं करू नका.

टायरच्या हवेचं एक मला नवल वाटलं. थंडीने हवा कमी होते म्हणून मी वाढवायच्या तयारीत होतो, तर काझाला मोजली तेव्हा पुण्यात भरलेल्या २८ पीएसआयला जेमतेम एक-दीड कमी. थंडीने सहा पीएसआय घटली, पण बाहेरचा दाब कमी असल्यामुळे गेज पाच जास्त दाखवतं, हिशोब जवळपास फिटतो. तेव्हा अंदाजाने भरू नका, तिथे मोजा.

निवृत्तफौजी

एक गोष्ट कोणी लिहिली नाही आणि ती सगळ्यात गंभीर. अडकलात आणि बर्फ पडत असेल तर इंजिन चालू ठेवून काचा लावून बसू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजतं, धूर खालून गाडीत येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोप येते आणि माणूस उठत नाही. जुन्या जीपच्या फ्लोअरला किती भोकं असतात ते तुम्हाला माहीत आहे. दर पंधरा मिनिटांनी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करायचा, वारा लागत नाही त्या बाजूची काच दोन बोटं उघडी, आणि इंजिन दहा मिनिटं चालू मग बंद. गाडीत सिगडी तर कधीच नाही. प्रत्येकाला स्वतःचं ब्लँकेट आणि फावडं गाडीच्या *आत*, मागच्या दाराला बांधलेलं नाही, दार गोठलं तर फावडं बाहेर आणि तुम्ही आत.

देवदार

काका, हे धाग्याच्या वर टाकायला हवं खरं तर.

हायहूड

लोअरगियर, कागदपत्रांचं काय केलंत? १९८८ ची डिझेल घेऊन दिल्ली कशी पार केली?

लोअरगियर

केलीच नाही. दिल्ली एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेलचा प्रश्न आहे आणि एनसीआर हरियाणात पार कर्नाल, जिंदपर्यंत पसरलंय. मी उदयपूर, अजमेर, नागौर, हनुमानगड, भटिंडा, पतियाळा करत चंदीगडला गेलो. लांब पडतं, पण माझी गाडी साठच्या वर आवडीने जात नाही, तिला ते रिकामे रस्ते मानवले. री-रजिस्ट्रेशन, फिटनेस, इन्शुरन्स सगळं चालू होतं.

तुम्ही मात्र एक बघा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ ला विंटेजचे वेगळे नियम आले, व्हीए अक्षरांची पाटी मिळते. ती पाटी दिसते छान, पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच. स्पितीला जायचं मनात असेल तर विंटेजमध्ये नोंदवायच्या आधी दहा वेळा विचार करा.

हायहूड

हे माहीतच नव्हतं, मी पुढच्या महिन्यात अर्ज करणार होतो. थांबतो. पण तुमच्या त्या वळणावरच्या गोष्टीने मला झोप नाही लागली दोन दिवस. आमच्या जीपचे ब्रेक पण डांबरावर सरळच लागतात. पुण्यात बर्फ कुठून आणणार तपासायला?

बोनेटउघडा

ओलं गवत. मोकळं सपाट मैदान, रात्रभर पाणी मारून ठेवा. वीसच्या वेगाने या, क्लच दाबा, स्टेअरिंग नुसतं बोटांनी धरा आणि ब्रेक हळूहळू वाढवत न्या. उतरून चारी चाकांच्या खुणा बघा. ज्या चाकाने आधी गवत खरवडलं ते आधी लॉक होतंय. एकदा नाही, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, कारण मैदानाला थोडा उतार असतोच.

हायहूड

आज सकाळी केलं. मित्राच्या शेतातला पडीक तुकडा, त्याने रात्री पाणी सोडून ठेवलं होतं. सहाही वेळा मागच्या उजव्या चाकाची लांब खूण, मागच्या डाव्याची जवळपास नाहीच. चाक काढलं तर डावा ड्रम आतून ओला, व्हील सिलिंडर गळतोय, शू ब्रेक ऑइलमध्ये भिजलेले. वरून काही दिसत नव्हतं आणि पेडलही चांगलं लागत होतं. वडील शेजारी उभे होते, म्हणाले ही अशी किती वर्षं चालवतोयस. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शू बदलतोय, शनिवारी परत त्याच गवतावर घेतो आणि इथे खुणांचे फोटो टाकतो.